राउटरवर नवीन फर्मवेअर: ७ ते १५ जूनच्या नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

काम: घरचा राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली) १९.०७ वरून २४.१० वर नेणे. अंदाजे वेळ अर्धा तास. ही नोंद रात्री पावणेदोनला लिहिते आहे, यावरून काय ते समजावं.

राउटर एमटी ७६२१ चिपचा. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. पुढे फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पीपीपीओईचं (सेवादात्याला नाव-पासवर्ड देऊन नेट सुरू करायच्या पद्धतीचं) लॉगिन राउटरच करतो. १९.०७ ला मिळणारे सुरक्षेचे पॅच २०२२ मध्येच बंद झाले. तीन वर्षं मी "पुढच्या आठवड्यात" म्हणत ढकललं.

सुरुवात नीट केली. फाइल उतरवली, एसएचए २५६ (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा ठसा) ताडून पाहिला, जुन्या सेटिंगचा बॅकअप लॅपटॉपवर घेतला. फ्लॅश होताना, म्हणजे नवं फर्मवेअर चढताना, मधेच कोणी काही उतरवत बसू नये म्हणून वायफायचे दोन्ही रेडिओ बंद केले. स्वतःला फार शहाणी समजत होते तेव्हा.

फाइल चढवल्यावर इशारा आला: इमेजची आवृत्ती जुळत नाही, कॉन्फिग (सेटिंग) स्विचकॉन्फिगवरून डीएसएवर (पोर्ट सांभाळायच्या जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर) नेता येत नाही, अपग्रेड करताना ती पुसा. खाली दोन चौकोन. एक "जबरदस्तीने चढवा", दुसरा "सेटिंग ठेवा". दुसऱ्यावर आधीपासूनच खूण असते. मी इशारा वाचला, समजला, मान डोलावली, पहिल्या चौकोनावर खूण केली आणि बटण दाबलं. दुसऱ्या चौकोनाकडे पाहिलंच नाही.

चार मिनिटांनी दिवा स्थिर झाला. वायर लावली, लॅपटॉपला पत्ता मिळेना. हाताने पत्ता दिला, तरी १९२.१६८.१.१ गप्प. चारही पोर्ट बदलून पाहिले. पोर्टचे दिवे लागतात, पलीकडे कोणी नाही.

झालं काय ते आत्ता कळतंय. जुन्या पद्धतीत राउटरच्या आतला स्विच ही एक वेगळी पेटी मानली जायची आणि तिचे भाग ईटीएच०.१, ईटीएच०.२ अशा नावांनी पाडायचे. डीएसएमध्ये प्रत्येक पोर्टला स्वतःचं नाव असतं: लॅन१, लॅन२, लॅन३, लॅन४, वॅन (बाहेरच्या नेटचं पोर्ट). या चिपच्या राउटरांवर हा बदल २१.०२ पासून, म्हणजे २०२१ मध्येच आला. माझी कॉन्फिग अजून ईटीएच०.१ शोधत होती. घरातला ब्रिज (घरची पोर्ट आणि वायफाय एकत्र जोडणारा पूल) उभा राहिला, पण त्याला एकही पोर्ट जोडलेलं नाही.

वायफायवरून आत जाता आलं असतं. रेडिओ त्या ब्रिजला जोडलेले असतात, त्यांना डीएसएशी घेणंदेणं नाही. पण रेडिओ मीच बंद केले होते, आणि ते "बंद"ही बाकीच्या सेटिंगबरोबर इमानदारीत नव्या घरी राहायला गेलं. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हा.

धाकटा दारात येऊन उभा. "ताई, काल तरी चालू होतं गं." उद्या बघू म्हणाले.

रविवार, ८ जून, सकाळ

राउटर मेलेला नाही. बूटलोडर (वीज लागल्यावर सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) आणि लिनक्स दोन्ही शाबूत आहेत, फक्त आत जायची वाट बुजली आहे. केस उघडून सिरियल वायर लावायचीही तयारी ठेवली होती: ३.३ व्होल्टचा अडॅप्टर, ११५२०० वेग, तीनच तारा. ग्राउंड, पाठवायची, घ्यायची. चौथी विजेची तार जोडायची नाही. लागली नाही, बरं झालं. स्क्रूवरच्या स्टिकरला नख लावायचं माझ्या जिवावर आलं होतं.

फेलसेफने (जुनी सेटिंग न वाचता सुरू व्हायच्या आणीबाणीच्या मोडने) काम झालं, पण तिसऱ्या खेपेला. पहिल्यांदा वीज लावायच्या आधीपासूनच बटण दाबून धरलं. तसं केलं की या राउटरचा बूटलोडर मधेच अडवतो आणि स्वतःच्या रिकव्हरीत जाऊन बसतो. दुसऱ्यांदा उशीर झाला. खरी वेळ अशी: वीज लावल्यावर दिवा आधी शांत, मग लुकलुकायला लागतो. लुकलुक सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांतच बटण दाबायचं, आणि धरून ठेवायचं नाही, एकदा दाबून सोडायचं. जमलं की लुकलुक एकदम वेगवान होते. अगदी फडफड.

फेलसेफमध्ये डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) नसतं, म्हणून लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ दिला. लॅन२ वर उत्तर नाही. लॅन१ वर लगेच. सकाळपासून मी केबल सवयीने लॅन२ मध्ये खुपसत होते, कारण लॅन१ च्या खाचेतली क्लिप जरा घट्ट आहे.

एसएसएचने (आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) आत गेले तर लॅपटॉपनेच आरडाओरडा केला: समोरच्याची ओळख बदलली आहे, मधे कोणी बसलं असण्याची शक्यता आहे. फेलसेफमध्ये जुन्या किल्ल्या वाचल्या जात नाहीत, तेव्हा त्याचं म्हणणं बरोबरच. जुनी किल्ली काढून टाकली, फर्स्टबूटची आज्ञा दिली, रीबूट. सगळी सेटिंग गेली. चारही लॅन पोर्ट जागच्या जागी.

दहा मिनिटांत पीपीपीओई लावला. वॅनला बाहेरचा पत्ता मिळाला. सगळ्यात आधी रूटला पासवर्ड दिला, तो कोऱ्या राउटरला नसतोच.

रविवार, ८ जून, रात्री

नेट आहे पण नाही.

राउटरवरून ९.९.९.९ ला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारा छोटा निरोप) व्यवस्थित. कुठल्याही साइटच्या नावाला पिंग केलं तर "पत्ता सापडत नाही". म्हणजे रस्ता आहे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) नाही.

दुपारी बॅकअपमधून एकच फाइल परत ठेवली होती, डीएचसीपीची. घरातल्या बारा-तेरा उपकरणांचे ठरलेले पत्ते तिच्यात होते आणि ते पुन्हा टंकायचा कंटाळा. त्याच फाइलमध्ये वर दोन ओळी आणखी होत्या: बाहेरच्या कुठल्याही डीएनएसला विचारू नको, आणि सगळं १२७.०.०.१ वर ५०५३ पोर्टला विचार. त्या पोर्टवर पूर्वी एचटीटीपीएसमधून डीएनएस नेणारी प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्राम) बसलेली असायची. नव्या इमेजमध्ये ती नाही. आपण वरून टाकलेली पॅकेजं अपग्रेडमध्ये उडतात, राहतात फक्त त्यांच्या सेटिंगच्या फाइली. दारावर पाटी आहे, घरात माणूस नाही.

प्रॉक्सी परत टाकावी तर पॅकेज उतरवायला सर्व्हरच्या नावाचा पत्ता हवा, पत्ता मिळवायला प्रॉक्सी हवी. आधी कोंबडी की आधी अंडं. त्या दोन ओळी काढून तात्पुरता ९.९.९.९ हा बाहेरचा डीएनएस दिला, प्रॉक्सी टाकली, ती सुरू आहे हे पाहिलं, मग ओळी परत घातल्या.

यातलं वाईट म्हणजे पहिला अर्धा तास मी फायबरच्या डब्यावर संशय घेत होते. तो दोनदा बंद-चालू केला. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

सोमवार, ९ जून

ऑफिसचं काम. राउटरला हात लावला नाही. धाकट्याला बजावून ठेवलं आहे की त्यानेही लावायचा नाही.

मंगळवार, १० जून

आज ५ गिगाहर्ट्झ. २.४ चं नाव दिसतं, ५ चं दिसत नाही. सेटिंगच्या पानावर रेडिओ चालू आहे म्हणतो, फोनवर काही नाही.

काय काय केलं ते क्रमाने: देशाचा कोड रिकामा होता, तो भरला. तो रिकामा असला की रेडिओ सगळ्या जगाला चालेल असा सर्वांत भित्रा नियम धरतो आणि ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याच चॅनेलांवर स्वतःहून बोलायलाच धजत नाही. साठवलं, फोन पाहिला, नाव नाही. चॅनेलची रुंदी ८० वरून ४० केली. नाही. पॉवर कमी केली. नाही. एनक्रिप्शन बदललं. नाही. रुंदी परत ८०. नाही. प्रत्येक बदलानंतर वीस-पंचवीस सेकंद वाट पाहायची, "हेही नाही" म्हणायचं आणि पुढचा प्रयोग. असं कितीतरी वेळ.

मग बाबांनी हाक मारली, औषधाचं वेळापत्रक विचारायला. बोलून परत आले तर ५ चं नाव फोनवर. मी काहीही केलेलं नव्हतं.

लॉग उघडला आणि स्वतःवर हसायला आलं. प्रत्येक वेळी तीच ओळ: डीएफएसची तपासणी सुरू, फ्रिक्वेन्सी ५५००, वेळ ६० सेकंद. बॅकअपमध्ये बघून मी चॅनेल १०० टाकलं होतं. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यांच्यावर प्रक्षेपण सुरू करण्याआधी राउटरला एक मिनिट फक्त कान देऊन बसावं लागतं, आजूबाजूला रडार बोलत नाही ना. हवामान रडारच्या पट्ट्यात, १२० ते १२८ च्या आसपास, काही देशांत हीच वाट दहा मिनिटांची असते. त्या मिनिटात नाव दिसतच नाही. आणि मी दर पंचविसाव्या सेकंदाला नवं काहीतरी साठवून ते मिनिट पुन्हा शून्यावर आणत होते. लॉगमध्ये "सुरू" चौदा वेळा, "पूर्ण" एकदा. ते एकदा म्हणजे बाबांची हाक.

पूर्वी हे कधी जाणवलं नाही कारण राउटर महिनोन्‌महिने बंदच होत नसे.

चॅनेल ३६ वर आणलं. ३६ ते ४८ ला ही तपासणी लागत नाही. शेजारचे दोघं तिथेच आहेत, गर्दी थोडी जास्त, पण १०० वर नंतर कधी रडार ऐकू आलं तर दहा सेकंदांत चॅनेल सोडावं लागतं आणि अर्धा तास परत फिरकता येत नाही. मीटिंगच्या मधे ते नको.

आणखी एक: लॉग रॅममध्ये राहतो, रीबूट केला की साफ. शनिवारी-रविवारी मी इतक्या वेळा रीबूट केला की पुरावा म्हणून काही उरलंच नाही. आता लॉग लॅपटॉपवर पाठवते, ५१४ पोर्टला. त्यातही गंमत आहे. राउटरला घड्याळाची बॅटरी नसते. सुरू होताना तो आपल्या सेटिंगच्या फाइलींमधली सगळ्यात नवी तारीख पकडतो आणि नेट आल्यावर वेळ दुरुस्त करून घेतो. त्यामुळे बूटच्या पहिल्या ओळी नेहमी मागच्या तारखेच्या दिसतात. "रविवारी दुपारी काय झालं होतं?" म्हणून पाच मिनिटं शोधत होते. रविवारी काहीच झालं नव्हतं, ते आजचंच होतं.

बुधवार, ११ जून

बाबा: "बँकेचं पान उघडत नाहीये. बातम्या उघडतात."

ही तक्रार मला मनापासून आवडली, कारण ती अर्धवट आहे. सगळं बंद असलं तर शंभर कारणं. काही उघडतं आणि काही अडकतं, म्हटलं की कारणं चार-पाचच उरतात.

पाहिलं. बँकेचा पत्ता सापडतो, जोडणी होते, मग पांढरं पान आणि फिरणारं चक्र. दीड मिनिटाने वेळ संपली. त्याच फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान चटकन. आमच्या ऑफिसच्या एका पानाचंही तसंच. छोटे निरोप जातात, मोठं काही आलं की अडतं.

लॅपटॉपवरून पिंग, तुकडे न करण्याच्या अटीवर, माप बदलत:

१४७२: नाही. राउटर म्हणतो, तुकडे करावे लागतील.
१४६५: नाही.
१४६४: गेलं.

१४६४ मध्ये हेडरचे २८ बाइट मिळवले की १४९२. हा आकडा बरोबरच आहे. इथरनेटच्या १५०० मधले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेतो. तेव्हा मार्ग १४९२ चा आहे, प्रश्न आहे तो समोरच्याला हे कोण सांगतं याचा.

लॅपटॉपला वाटतं मार्ग १५०० चा आहे. जोडणी करताना तो सर्व्हरला सांगतो, मला एका वेळी १४६० बाइट पाठव. सर्व्हर तसं भरलेलं पॅकेट "तुकडे करू नका" असा शिक्का मारून पाठवतो. ते सेवादात्याच्या टोकाला अडतं. तिथून सर्व्हरला निरोप जातो, "लहान पाठव". पण काही साइटांच्या फायरवॉलला असे आयसीएमपी निरोप दारातच फेकून द्यायची सवय असते. सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पाठवतो, पुन्हा अडतं. एचटीटीपीएसमध्ये पहिलं मोठं ओझं सर्टिफिकेटचं, म्हणून गाडी बरोबर तिथेच थांबते. बातम्यांच्या साइटने तो निरोप ऐकला असणार, म्हणून ती उघडते.

यावर उपाय जुनाच: जोडणी होत असतानाच राउटरने मधे हात घालून १४६० चं १४५२ करायचं. ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्ये वॅनच्या झोनला (बाहेरच्या बाजूच्या नियमांच्या गटाला) एमटीयू फिक्स नावाचा पर्याय असतो, तो हेच करतो, आणि कोऱ्या सेटिंगमध्ये तो चालूच असतो.

मग माझ्याकडे का नाही? कारण रविवारी मी तयार झोन पुसून स्वतःच्या नावांचे झोन लिहिले. माझे जुने नियम त्या नावांनी होते. त्यातही निम्मे फुकट, कारण २२.०३ पासून फायरवॉल आयपीटेबल्सवरून एनएफटेबल्सवर गेली आहे आणि माझी हाताने लिहिलेली नियमांची फाइल आता वाचलीही जात नाही. झोन लिहिताना मास्करेड (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्याआड झाकणं) आठवणीने घातलं, एमटीयू फिक्स विसरले. एक ओळ. ती घातली, फायरवॉल रीस्टार्ट, बँकेचं पान उघडलं.

लॅपटॉपवर पॅकेट पकडून खात्री केली. सर्व्हरकडून आलेल्या उत्तरात आता १४५२ दिसतं. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला झोप आली नसती. झोन तयार ठेवलेलेच परत आणले, माझी नावं गेली उडत.

शुक्रवार, १३ जून

प्रिंटर. दहा वर्षांचा, फक्त २.४ वर चालणारा. नाव दिसतं त्याला, पासवर्ड घेतो, "जोडता आलं नाही" म्हणतो. मी उत्साहात सगळीकडे डब्ल्यूपीए२ आणि ३ (वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या आणि नव्या पद्धती) यांचं मिश्रण लावलं होतं. कागदावर हे जुन्यांनाही चालायला हवं. पण काही जुन्या उपकरणांना त्या यादीत ओळखीचं नसलेलं काही दिसलं तरी ती बिचकतात. लॉगमध्ये प्रिंटर दारापर्यंत येतो, ओळख पटवायची सुरुवात करतो आणि निघून जातो. पासवर्ड चुकल्याची एकही ओळ नाही, म्हणून पासवर्डवर वेळ घालवला नाही. (मंगळवारपासून एवढं शिकले आहे.)

२.४ वर दुसरं नाव काढलं, फक्त डब्ल्यूपीए२, एईएस. प्रिंटर दुसऱ्या मिनिटाला आत. रुंदी २० वर, चॅनेल १. आधी ऑटो होतं आणि ते ३ वर जाऊन बसलं होतं, म्हणजे १ वाल्यांनाही त्रास, ६ वाल्यांनाही.

धाकटा म्हणतो गेममध्ये पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) उडतो, विशेषतः माझा बॅकअप चढत असताना. रांगा सांभाळणारं एसक्यूएम पॅकेजही अपग्रेडमध्ये उडालेलंच. परत टाकलं, केक (रांग लावायची एक पद्धत) निवडलं, वेग मोजून त्याच्या ९० टक्क्यांवर मर्यादा. काहीच फरक नाही! फ्लो ऑफलोडिंग (पॅकेट झटपट पुढे काढायची जवळची वाट) चालू ठेवलं होतं, आणि त्या वाटेने जाणारी पॅकेट रांगेत उभीच राहत नाहीत. ते बंद केलं. आता ठीक. राउटरचा प्रोसेसर चढवताना बऱ्यापैकी घामाघूम होतो, पण पुरतो.

शनिवार, १४ जून

टाकलेल्या पॅकेजांची यादी काढून बॅकअपच्या शेजारी ठेवली. प्रॉक्सी, एसक्यूएम, आणखी तीन. पुढच्या वेळी ही सगळी आत घालूनच इमेज बनवून घेणार, ती सोय आता आहे.

जुना बॅकअप पुसला नाही, पण त्याच्या नावाला पुढे "वाचायला, चढवायला नाही" असं जोडलं.

राउटरच्या तळाला चिठ्ठी: फेलसेफ लॅन१ वर, दिवा लुकलुकला की एकदाच दाबणे, लॅपटॉपला १९२.१६८.१.२. लॅन१ ची घट्ट खाच कोरड्या ब्रशने साफ केली. धूळ होती, बाकी काही नाही.

रविवार, १५ जून

रात्रभराचा लॉग लॅपटॉपवर पाहिला. २.४ वर एकच उपकरण दर तासा-दोन तासांनी "हालचाल नाही म्हणून काढलं" आणि थोड्या वेळाने परत आलेलं. प्रिंटर. तो झोपतो, राउटर त्याला यादीतून काढतो, जाग आली की तो पुन्हा दार वाजवतो. सकाळी आठला धाकट्याने पान छापलं तेव्हा पहिल्याच झटक्यात आलं. ५ गिगाहर्ट्झ मंगळवारपासून एकदाही पडलेलं नाही.

बाकी: आयपीव्ही६ (नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) अजून लावलेलं नाही. परीक्षा संपेपर्यंत लावू नकोस, असं धाकट्याने सांगितलं आहे.